कोळशाची धूळ आणि मनुष्याचे फुप्फुस

गोंदिया स्टेशनाच्या पुलावर थोडा वेळ उभे राहिले, तर कोळशाने भरलेली एखादी लांबच लांब मालगाडी दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. कोरब्याच्या बाजूने येणारा कोळसा याच मार्गाने पश्चिमेकडे जातो. याच मार्गावर, आपल्यापासून फार दूर नसलेल्या तिरोडा येथे, २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक पाच संच उभारले जाऊन ३३०० मेगावॅट शक्तीचे वीजकेंद्र पुरे झाले. तेही कोळशावरच चालते. दक्षिणेकडे अर्जुनी, वडसा, नागभीड या वाटेने जाणारी गाडी धरावी, तर ती आपणांस चांदा फोर्ट व बल्लारशा येथे, म्हणजे प्रत्यक्ष कोळशाच्या मुलखातच नेऊन सोडते. सारांश, गोंदिया जिल्ह्यात कोळशाची खाण नसली, तरी कोळसा आपल्या दारावरून जातो आणि आपल्या अभ्यासाच्या टेबलावरील दिवा त्याच्याच जोरावर जळतो. असे असता तो कोळसा काढणाऱ्या माणसाच्या छातीचे काय होते, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी समजून घेणे अप्रस्तुत होणार नाही. शिवाय, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, ही गोष्ट केवळ खाणीपुरती नाही.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाची हकीकत जुनी आहे. वरोरा येथील खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर पुढे आले. १९७३ साली देशातील उरलेल्या बहुतेक कोळशाच्या खाणी सरकारच्या ताब्यात आल्या आणि १९७५ साली नागपूर येथे मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड, कामठी ही नावे तेव्हापासून कोळशाशी जोडलेली आहेत. जमिनीच्या पोटात बोगदे खणून कोळसा काढण्याची रीत आता मागे पडली असून वरची माती व खडक बाजूस सारून उघड्यावर कोळसा काढण्याची रीत पुष्कळच वाढली आहे. उघड्या खाणीत वर आकाश असते, म्हणून तेथे धुळीचे भय नाही अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. खडकात भोके पाडणे, सुरुंग उडविणे, कोळसा चुरणे व प्रचंड डंपर कच्च्या रस्त्यावरून धावणे ही सर्व कामे धुळीचीच असतात.

आता धूळ म्हणजे काय याचा विचार करू. सकाळच्या प्रहरी झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की तीत असंख्य कण नाचताना दिसतात. आपल्या पूर्वजांनी या कणास ‘त्रसरेणू’ असे सुंदर नाव दिले होते आणि वजनमापांच्या कोष्टकात त्यास पहिले स्थान दिले होते, कारण डोळ्यांस दिसणारी सर्वांत लहान वस्तू तीच. परंतु गंमत अशी की, फुप्फुसाचा खरा शत्रू या त्रसरेणूहूनही लहान आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुधा नाकातील केसांत, घशात किंवा मोठ्या श्वासनलिकेच्या चिकट अस्तरात अडकून पडतात. या नलिकेच्या आतील अंगास अतिसूक्ष्म केसांची लव असते. ती वाऱ्याने डोलणाऱ्या धानाच्या शेताप्रमाणे सारखी हलत राहून अडकलेला मळ वर घशाकडे ढकलते आणि तो आपण खोकून टाकतो किंवा गिळतो. खाणीतून आलेल्या मनुष्याची थुंकी काळी दिसते ती यामुळेच. काळी थुंकी पाहून घरची मंडळी घाबरतात, परंतु जी धूळ थुंकीतून बाहेर पडली तिच्यापासून तितके भय नाही. भय आत राहिलेल्या धुळीचे आहे.

चार-पाच मायक्रॉनहून लहान असलेले कण मात्र या सर्व पहारेकऱ्यांस चुकवून थेट तळापर्यंत जातात. तेथे श्वासनलिकेच्या शेवटच्या फांद्यांना द्राक्षांच्या घोसांप्रमाणे वायुकोश लागलेले असतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या तीस कोटींच्या घरात किंवा त्याहूनही अधिक आहे आणि त्यांचे पडदे पसरले तर एखाद्या मोठ्या वर्गखोलीची जमीन झाकली जाईल. या पडद्यांतूनच प्राणवायू रक्तात जातो. येथे ती लव नाही. येथे काम करतात त्या भक्षकपेशी. आलेल्या कणास गिळून त्या उचलून नेतात. एक दिवस, एक महिना, एक वर्ष त्या आपले काम बजावतात. परंतु रोज नवी धूळ येतच राहिली, तर त्या थकतात, मरतात, आणि मरताना त्यांच्यातून जी द्रव्ये बाहेर पडतात त्यांनी आजूबाजूची नाजूक त्वचा सुजते. सूज उतरल्यावर तेथे जखमेच्या वणासारखा निबर तंतूंचा भाग तयार होतो. निबर झालेला भाग फुग्याप्रमाणे फुगत नाही. त्यातून प्राणवायू जात नाही.

याच विकारास वैद्यकात न्युमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने झालेला फुप्फुसाचा रोग, असे म्हणतात. तो प्रथम इतका गुप्त असतो की रोग्यास काहीच कळत नाही आणि क्ष-किरणांच्या चित्रात मात्र बारीक ठिपके उमटलेले असतात. पुढे जिना चढताना धाप लागते, मग सपाट रस्त्यावर लागते, आणि काहींच्या बाबतीत ते ठिपके एकत्र होऊन मोठमोठ्या गाठी बनतात. तेव्हा मनुष्य अंथरुणावर बसूनही श्वासासाठी झगडतो. यांशिवाय जुनाट खोकला व वायुकोशांच्या भिंती फाटून होणारा दमा हेही कोळशाच्या धुळीने होतात. विडी ओढणाऱ्याचे नुकसान अर्थातच अधिक होते. परंतु ‘विडी ओढत होता म्हणून झाले’ एवढे म्हणून धुळीस निर्दोष सोडणे हा अन्याय आहे.

सर्व धूळ सारखी विषारी नसते. कोळशापेक्षा भयंकर आहे ती गारगोटीची धूळ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. कोळशाच्या थरावर व खाली जो वालुकामय खडक असतो त्यात ती असते. तो खडक फोडताना निघालेली ताजी धूळ भक्षकपेशींस फार लवकर मारते. तिच्यामुळे होणाऱ्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्याचे दोन गुण ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, काम सोडल्यावरही तो आतल्या आत वाढू शकतो. दुसरा, ज्यास सिलिकोसिस झाला त्यास क्षयरोग जडण्याचा संभव इतरांहून पुष्कळच अधिक असतो.

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण देण्यासारखे आहे. तेथे १९६९ साली खाणकामगारांच्या आरोग्याचा कडक कायदा झाला, हवेतील धुळीस मर्यादा घातली गेली आणि रोग खरोखरच कमी होत गेला. तो नाहीसा होणार असे वाटू लागले. परंतु शतक पालटल्यानंतर ॲपलाचियन पर्वताच्या मुलखात तो पुन्हा वाढला, आणि तोही चाळिशीच्या आसपासच्या माणसांत, अत्यंत उग्र स्वरूपात. कारण शोधता असे आढळले की, कोळशाचे जाड थर संपत आले होते. पातळ थर काढावयाचा तर यंत्राने वरचा-खालचा खडकही कापावा लागतो. म्हणजे धुळीचे नाव कोळशाची धूळ हेच राहिले, पण तिच्यातील गारगोटीचा अंश वाढला होता.

आपल्याकडील नियमांतही ही बाब लक्षात घेतली आहे. १९५२ च्या खाण कायद्याखाली सिलिकोसिस, न्युमोकोनिओसिस व मँगनीजची विषबाधा हे सरकारास कळविलेच पाहिजेत असे रोग ठरविण्यात आले. यांपैकी शेवटचा रोग शेजारच्या तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींमुळे आपल्या भागास परका नाही. २०१७ च्या कोळसा-खाण नियमांत अशी मर्यादा लिहिली गेली की, श्वासाबरोबर खोल जाणारी धूळ आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमागे २ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. आणि तीत सिलिकेचे प्रमाण शेकडा ५ हून अधिक असेल, तर १० या संख्येस त्या प्रमाणाने भागून येईल ती मर्यादा समजावी. म्हणजे सिलिका शेकडा १० असेल तर मर्यादा १ मिलिग्रॅम होते. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. अंगमेहनत करणारा मनुष्य आठ तासांच्या पाळीत सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो. मर्यादा तंतोतंत पाळली तरी त्याच्या छातीत रोज २० मिलिग्रॅम धूळ जाते. वर्षाच्या ३०० पाळ्या धरल्या तर ६ ग्रॅम, आणि तीस वर्षांच्या नोकरीत १८० ग्रॅम. यातील पुष्कळसा भाग शरीर बाहेर टाकते हे खरे. तरीही मर्यादेच्या तिप्पट-चौपट धूळ असलेल्या जागी काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

धुळीवरील उपाय कोणते? खाणीत सर्वांत जुना व सर्वांत चांगला उपाय पाणी हा आहे. भोक पाडताना पात्याशीच पाणी सोडले, की धूळ उडण्यापूर्वीच बसते. रस्ते भिजविणे, कोळसा चुरण्याच्या जागेवर फवारे बसविणे, डंपर चालविणाऱ्याची खोली बंद व गाळलेल्या हवेची ठेवणे, हे उपाय त्याच जातीचे होत. भुयारी खाणीत मोठमोठ्या पंख्यांनी हवा सतत खेळवावी लागते. तोंडास बांधावयाचे साधन हे सर्वांत शेवटचे. आपल्याकडे बहुधा उलटा क्रम दिसतो: प्रथम मजुराच्या हाती फडके देतात व बाकीचे पुढे कधी तरी. दुपट्टा किंवा गमछा तोंडास बांधल्याने मोठे कण अडतात, जे एरवी नाकानेही अडविलेच असते. चार मायक्रॉनचा कण कापडाच्या दोन धाग्यांमधून, दरवाजातून माशी जावी तसा, निर्धास्त जातो. त्यासाठी सूक्ष्म कण गाळणारा व चेहऱ्यास चोहोकडून घट्ट बसणारा मुखवटाच हवा.

धुळीबरोबर खाणीत वायूही असतात. कोळशाच्या थरांत कोंडलेला मिथेन हा हवेहून हलका असून त्याचे हवेतील प्रमाण शेकडा ५ ते १५ असता एका ठिणगीने स्फोट होतो. या कामी सर हम्फ्री डेव्ही याने १८१५ साली जाळीचा दिवा काढला व त्याच्या ज्योतीवर दिसणाऱ्या निळसर टोपीवरून मिथेन ओळखता येऊ लागला. कोळशाची धूळही हवेत मिसळली की दारूप्रमाणे पेटते. फ्रान्समधील कूरिएर येथे १९०६ च्या मार्च महिन्यात अशा स्फोटाने १०९९ माणसे प्राणांस मुकली. परंतु स्फोटाहूनही कपटी असा वायू कार्बन मोनॉक्साइड हा होय. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील तांबड्या द्रव्याशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि मनुष्य गुदमरल्याची जाणीवही न होता गळून पडतो. १८९६ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने वेल्समधील एका स्फोटानंतर मृतांची तपासणी केली, तेव्हा बहुतेक माणसे आगीने नव्हे तर या वायूने मेली होती असे त्यास आढळले. त्याने तो वायू स्वतःही हुंगून पाहिला आणि लहान जीवांचा श्वास जलद असल्यामुळे त्यांच्यावर परिणाम आधी होतो, म्हणून खाणीत उतरताना लहान प्राणी बरोबर न्यावे असे सुचविले. त्यावरून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याची चाल पडली. ती इंग्लंडात १९८६ पर्यंत होती.

हा वायू आपल्या घरातही येऊ शकतो. गोंदियाची थंडी विदर्भात प्रसिद्ध आहे. पौष महिन्यात कोळशाची शेगडी आत घेऊन, दारे-खिडक्या घट्ट लावून झोपण्याची चाल अनेक घरांत आहे. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून हाच वायू निघतो. डोके दुखणे, मळमळणे व झोप अनावर होणे ही त्याची चिन्हे होत. पालकांनी शेगडी विझवून बाहेर ठेवल्याखेरीज झोपू नये. तसेच जुनी, बंद पडलेली विहीर उपसावयास उतरताना खाली कर्बद्विप्राणिल वायू साठलेला असतो व प्राणवायू नसतो. एक उतरून पडला की त्यास काढावयास दुसरा उतरतो व तोही पडतो, अशा बातम्या उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. दिवा विझला तर प्राणवायू नाही हे कळते, पण तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन असल्यास स्फोट होतो. कमरेस दोर बांधल्यावाचून व वर दोन धडधाकट माणसे असल्यावाचून कोणी उतरू नये. आणि खाली कोणी पडला तर स्वतः उडी न घेता दोराने ओढावे व अग्निशामक दलास बोलवावे.

आता मूळ धुळीकडे परत येऊ, कारण मला खरे सांगावयाचे आहे ते पुढेच आहे. आपला जिल्हा धानाचा. आपल्या वर्गांतील कितीतरी मुलांचे वडील भातगिरणीत हमाली करतात, कितीतरी मातोश्री तेथे रेजा म्हणून जातात. गिरणीत धान चाळले जाते, सोलले जाते, तांदळास झिलई दिली जाते, आणि या प्रत्येक पायरीस धूळ उडते. सायंकाळी हमालाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत व त्यास हसलोही असू. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते. तुसात सिलिका विपुल असते. ती जातीने गारगोटीची नव्हे, स्फटिकरूप नव्हे, म्हणून तितकी घातक नाही. परंतु उसन्या तांदळाच्या गिरणीत भट्टीत तूस जाळतात, आणि फार तीव्र उष्णतेने त्या सिलिकेचा काही अंश स्फटिकरूप होतो. भट्टीखालची कोरडी राख फावड्याने ओढणाऱ्या माणसाने हे जाणले पाहिजे. धान्याच्या धुळीत बुरशीचे व किड्यांचे कणही असतात, आणि त्यांनी दमा, जुनाट खोकला व ताप हे विकार होतात. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची भुकटी हवेत असते, ती गोष्ट निराळीच.

तांदूळ भिजवून चालत नाही, म्हणून खाणीतला पाण्याचा उपाय गिरणीस लागू पडत नाही. परंतु धूळ जेथे उत्पन्न होते तेथूनच ती पंख्याने ओढून सायक्लोनमध्ये किंवा पिशव्यांच्या गाळणीत सोडता येते. एलिव्हेटर व चाळण्या झाकता येतात. झाडूने कोरडे झाडण्याऐवजी शोषक यंत्राने जमीन साफ करता येते. राख पाणी शिंपडून मगच उचलता येते. पुष्कळ नव्या गिरण्यांत यांतील बऱ्याच सोयी आहेत, हे कबूल केले पाहिजे. जुन्यांत व लहानांत क्वचितच दिसतात. खाणीत धूळ मोजण्याचे यंत्र तरी असते, आणि कामगारास नोकरीत घेताना व पुढे ठराविक वर्षांनी तपासण्याचा नियम आहे. गिरणीत रोजंदारीवर हंगामापुरत्या येणाऱ्या माणसाची छाती कोण तपासणार?

इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात खाणकामगारांचे प्रकरण आहे तसेच धान्य चाळणाऱ्यांचे व मापणाऱ्यांचेही आहे. रोग्यास जे प्रश्न विचारण्याची वैद्यांची वहिवाट आहे त्यांत ‘तू काम कोणते करतोस?’ हा प्रश्न घालावा, असे त्याने सुचविले. तीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी हा प्रश्न विचारला जातोच असे नाही.

माझ्या नात्यातील एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी कोळशाच्या खाणीत भोके पाडण्याचे काम करीत व पुढे गावी येऊन भातगिरणीत लागले. त्यांस धाप लागू लागली. एका दवाखान्यात क्षयाची शंका येऊन औषध सुरू झाले, ते पुष्कळ महिने चालले, गुण आला नाही. थुंकीत क्षयाचे जंतू कधीच सापडले नव्हते. क्षयाची तपासणी केली ती योग्यच होती, कारण धुळीने पोखरलेल्या छातीत क्षय खरोखरच लवकर शिरतो. चूक एवढीच की, विचार तेथेच थांबला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापाशी बसून विचारले, “काका, आयुष्यभर काय काय काम केलेत?” त्यांनी सर्व सांगितले. बाईंनी जुनी चित्रे मागविली, फुंकून श्वास मोजण्याचे यंत्र लावले, आणि रोगाचे खरे नाव त्या दिवशी कागदावर आले. निबर झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही, हे त्यांनी लपविले नाही. धुळीचे काम सोडविले, विडी सोडविली, श्वासाचे व्यायाम व धाप कमी करणारी औषधे दिली.

म्हणून ज्या घरात कोणी खाणीत, गिरणीत, दगडाच्या खडीवर किंवा भट्टीवर काम करतो किंवा पूर्वी करीत असे, त्या घरातील मुलाने एक कागद घेऊन त्यावर लिहावे: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोठे, कोणत्या यंत्राजवळ, धूळ ओली की कोरडी. तो कागद डॉक्टरांस दाखवावयाच्या कागदांत सर्वांत वर ठेवावा. माझ्या त्या आप्तांच्या पहिल्या केसपेपरावर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले होते.